रेडिएटरचा पंखा लागत नाही : आधी तपासा, मग पार्ट बदला

२००८ साली यामाहाची आर-१५ भारतात आली आणि १५० सीसीच्या गाडीलाही रेडिएटर असू शकतो हे आपल्याकडच्या पोरांना कळले. २०१२ मध्ये केटीएमची २०० ड्यूक आणि बजाजची पल्सर २०० एनएस आली. त्यानंतर हळूहळू लिक्विड कूल्ड गाडी ही हॉस्टेलच्या पार्किंगमधली नेहमीची गोष्ट झाली. सेकंडहँड बाजारातही अशा गाड्या भरपूर आहेत, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला परवडते ती अर्थातच सेकंडहँड. साहजिकच एक तक्रार वारंवार ऐकू येते, "यार, गाडी तापतेय आणि फॅनच लागत नाही."

या तक्रारीवर गॅरेजमध्ये दोन ठरलेली उत्तरे मिळतात. पहिले, "फॅन गेला, नवीन टाकावा लागेल." दुसरे, "डायरेक्ट करून देतो, हँडलला स्विच लावू." पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात कधीतरी स्विच दाबायचे राहते आणि इंजिन जाते, किंवा स्विच बंद करायचे राहते आणि बॅटरी उतरते. दोन्ही उत्तरांत दोष नक्की कुठे आहे हा प्रश्न मात्र तसाच राहतो. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. त्यासाठी लागणारे ज्ञान एफ.ई.च्या बेसिक इलेक्ट्रिकलपलीकडचे नाही.

पंख्याचे काम काय?

गाडी ४० च्या पुढे पळत असली की समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो आणि पंख्याची गरज सहसा पडत नाही. सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की वारा थांबतो, इंजिन मात्र उष्णता देतच राहते. कूलंटचे तापमान बहुतेक गाड्यांत १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की पंखा लागतो आणि काही अंश उतरले की आपोआप बंद होतो. म्हणून थंडीच्या सकाळी पाच मिनिटे गाडी चालू ठेवून "पंखा लागला नाही" म्हणणे म्हणजे निकाल लागण्याआधी रिव्हॅल्युएशनचा फॉर्म भरणे. गेज वर चढू द्या, मग बोला.

पाणी १०० अंशांना उकळते, मग कूलंट कसे तग धरते? निम्मे पाणी आणि निम्मे इथिलीन ग्लायकॉल असे मिश्रण साध्या हवेत सुमारे १०७ अंशांना उकळते. रेडिएटरचे झाकण आत दाब धरून ठेवते, त्यामुळे ही मर्यादा १२५ अंशांच्या आसपास जाते. गरम इंजिनवर हे झाकण कधीही उघडू नये याचे कारण हेच आहे. झाकण उघडताच दाब सुटतो, आतले कूलंट क्षणात उकळते आणि थेट तोंडावर येते. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, रेडिएटरला हात लावता येऊ द्या, मग उघडा. काही गाड्यांत इग्निशन बंद असतानाही पंखा अचानक लागू शकतो, तेव्हा पात्यांपासून बोटे लांब ठेवा.

वायरिंगच्या आधी पाणी

पंखा लागत नसेल तर पहिली तपासणी विजेची करायची नाही, कूलंटची करायची. बाजूची रिझर्व्ह टाकी भरलेली दिसते म्हणून रेडिएटरही भरलेला आहे असे समजू नका. झाकणाचे रबर खराब असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर रिकामा असे होऊ शकते. गाडी पूर्ण थंड असताना झाकण उघडून आत बघा.

याचा पंख्याशी संबंध असा, की तापमान मोजणारा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर मोजतो. कूलंट कमी असेल किंवा आत हवा अडकली असेल तर सेन्सरभोवती हवेचा बुडबुडा राहतो. इंजिन जळायला येते आणि सेन्सर मात्र "सर्व ठीक" असे सांगत राहतो. पंखा, रिले, वायर सगळे शाबूत असूनही पंखा लागत नाही.

तसेच थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकला तर गरम कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचतच नाही. गेज लाल आणि रेडिएटर थंडगार दिसला तर संशय थर्मोस्टॅटवर घ्या. वॉटर पंप बंद पडला तरीही असेच दिसते. पंखा चालवणारा स्विच रेडिएटरलाच बसवलेला असेल, तर त्याच्यापर्यंत उष्णता येत नाही आणि तो बिचारा गप्प बसतो.

साखळी दोन भागांत तोडा

पाणी ठीक असेल तर आता वीज. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्यांत साधारण दोन साखळ्या असतात.

हुकमाची साखळी : तापमान सेन्सर – ईसीयू – रिलेची कॉइल.

ताकदीची साखळी : बॅटरी – फ्यूज – रिलेचे कॉन्टॅक्ट – पंखा – अर्थ.

जुन्या किंवा साध्या गाड्यांत ईसीयूच्या जागी थर्मोस्विच असतो, बाकी कल्पना तीच. कॉम्प्युटरवाल्यांना बायनरी सर्च माहीत आहे. इथे तेच करायचे. एका टोकापासून एकेक पार्ट बदलत जाण्यापेक्षा मधोमध घाव घालायचा, आणि हा मध्य म्हणजे रिले.

आधी फ्यूज बघा. नुसता डोळ्यांनी नाही, मीटरने. मग रिले काढा. चार पिनांच्या नेहमीच्या रिलेवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ८५ आणि ८६ ही कॉइल, ३० ला बॅटरीकडून सप्लाय आणि ८७ वरून पंख्याकडे वायर. इग्निशन चालू करून सॉकेटमधले ३० आणि ८७ एका जाड वायरने जोडा. (आकडे नसतील तर गाडीच्या वायरिंग डायग्रॅमवरून खात्री केल्याशिवाय वायर घालू नका.)

पंखा फिरला तर ताकदीची साखळी निर्दोष आहे. दोष रिले, सेन्सर किंवा ईसीयूच्या बाजूला शोधा. फिरला नाही तर सेन्सरला हातही लावू नका, कारण दोष फ्यूज, वायर, पंखा किंवा अर्थमध्ये आहे. एका मिनिटात निम्मे आरोपी सुटले.

हुकमाच्या बाजूला संशय असेल तर त्याच नंबरचा चालू रिले घालून बघा. मग सेन्सर. तो बहुधा एनटीसी थर्मिस्टर असतो, म्हणजे तापमान वाढले की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. थंड असताना तो काही हजार ओहम दाखवतो आणि १०० अंशांजवळ दोन-अडीचशे ओहम किंवा त्याहून कमी. अचूक आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतात. अनेक गाड्यांत सेन्सरचा कनेक्टर काढून इग्निशन चालू केले की ईसीयू घाबरून पंखा सरळ चालू करतो. तसे झाले तर ईसीयू आणि रिले दोघेही जागे आहेत हे कळते. थर्मोस्विचची गाडी असेल तर त्याच्या कनेक्टरच्या दोन वायरी एकमेकांना जोडा. पंखा फिरला तर स्विच खराब आहे, किंवा त्याच्यापर्यंत उष्णता पोहोचत नाही.

इथे एक गंमत आहे. थर्मोस्विच उकळत्या पाण्यात बुडवून तपासावा असे सगळेच सांगतात. पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते. जो स्विच १०० च्या वर जोडला जायचा आहे, तो पुण्यातल्या उकळत्या पाण्यात तासभर ठेवला तरी जोडला जाणार नाही, आणि चांगला स्विच कचऱ्यात जाईल. पाण्याऐवजी निम्म्याने मिसळलेले कूलंट घ्या, थर्मामीटर लावा आणि हा प्रयोग लॅबमध्ये बीकरमध्ये करा. मेसच्या पातेल्यात तर मुळीच नको, कारण इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. (हॉस्टेलच्या खोलीतल्या कॉइलबद्दल मी काहीच लिहीत नाही, रेक्टर सरही हे पान वाचतात.)

मीटर म्हणतो १२ व्होल्ट, पंखा म्हणतो नाही

आता एक प्रत्यक्ष घडलेले उदाहरण. माझ्या शेजारच्या खोलीतला मित्र रोज भोसरीला इंटर्नशिपला जातो. त्याची २०० सीसीची सेकंडहँड गाडी ट्रॅफिकमध्ये तापायची. गॅरेजवाल्याने नवीन फॅन असेंब्ली सांगितली. तिची किंमत म्हणजे त्याचे जवळजवळ दोन महिन्यांचे मेसबिल. घरून पैसे मागायचे नव्हते आणि गाडी तशीच चालवली तर हेड वाकण्याची, गॅस्केट जाण्याची भीती. अ‍ॅल्युमिनियमचे हेड एकदा वाकले की तो खर्च फॅनच्या कितीतरी पट.

रविवारी दुपारी आम्ही तिघे बसलो. कूलंट भरलेले होते आणि फ्यूजही चांगला होता. ३० आणि ८७ जोडले, पंखा गप्प. म्हणजे दोष ताकदीच्या बाजूला. पंख्याचा कनेक्टर काढून मोटरला फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी बॅटरीतून सरळ सप्लाय दिला, तर पंखा भर्रकन फिरला. म्हणजे गॅरेजवाला ज्या पार्टला दोषी ठरवत होता तो साफ निर्दोष. मग ३० आणि ८७ जोडलेलेच ठेवून, पंख्याकडे येणाऱ्या कनेक्टरच्या दोन पिनांवर मल्टिमीटर लावला. १२.४ व्होल्ट! सप्लाय आहे, मोटर चांगली आहे, तरी पंखा फिरत नाही. तिसरा मित्र म्हणाला, "भूत आहे."

भूत नव्हते, ओहमचा नियम होता. डिजिटल मल्टिमीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. समजा वाटेत एक गंजलेला जोड आहे आणि त्याचा रेझिस्टन्स २० ओहम आहे. मीटरमधून करंट जवळजवळ जातच नाही, म्हणून त्या जोडावर व्होल्टेज पडत नाही आणि मीटर पूर्ण १२ दाखवतो. आता मीटरच्या जागी पंखा लावा. उभ्या मोटरचा रेझिस्टन्स १ ओहम धरू. एकूण २१ ओहम, करंट सुमारे ०.५७ अँपिअर, म्हणजे मोटरच्या वाट्याला ०.५७ व्होल्ट. बाकीचे ११.४ व्होल्ट तो गंजलेला जोड खाऊन टाकतो. मोटर हलणार कशी? मीटर खोटे बोलत नव्हता. लोड नसताना व्होल्टेज किती, एवढेच त्याला विचारले होते आणि त्याने तेवढेच सांगितले.

म्हणून अशा वेळी टेस्ट लॅम्प लागतो. इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा जुना दिवा, एक होल्डर आणि दोन वायरी, झाला टेस्ट लॅम्प. तो पेटायला सुमारे ०.८ अँपिअर करंट मागतो, त्यामुळे फक्त कागदावरच्या व्होल्टेजला तो फसत नाही. आम्ही त्याच दोन पिनांवर दिवा लावला, तर फिलामेंट लालसरही झाली नाही. मग दिव्याचे एक टोक प्लस पिनवर ठेवले आणि दुसरे बॅटरीच्या मायनसला लावले. दिवा लख्ख पेटला! प्लसची वायर ठीक, दोष अर्थच्या वायरमध्ये.

ती वायर धरत धरत गेलो. रेडिएटरच्या खाली, चाकाचा चिखल उडतो त्या जागी, फ्रेमला बोल्टने आवळलेली लग सापडली. वरून ठीक दिसत होती, खोलल्यावर आत हिरवा-पांढरा थर. पॉलिश पेपरने लग आणि फ्रेम चकचकीत केली, बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली लावली. जम्पर वायर काढून रिले परत बसवला, नाहीतर पंखा कायमचाच चालू राहिला असता आणि तपासणीला अर्थ उरला नसता. मग गाडी पार्किंगमध्ये चालू ठेवली. गेज चढले, रिले टक वाजला, पंखा लागला. थोड्या वेळाने बंद झाला. पुन्हा तापून पुन्हा लागला. हे दुसऱ्यांदा लागणे बघणे महत्त्वाचे आहे, कारण एकदा योगायोगानेही लागू शकतो. खर्च एका पॉलिश पेपरचा आणि तीन चहांचा.

रस्त्यात झाले तर

पंखा बंद आहे आणि गेज वर जातेय, तर गाडी सावलीत बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. तापलेल्या इंजिनवर बाटलीतले गार पाणी ओतू नका, तडा जाऊ शकतो. निवल्यावर, कूलंट पुरेसे असेल तर मोकळ्या रस्त्याने वारा लागेल अशी गाडी चालवा, मोठ्या सिग्नलला इंजिन बंद ठेवा आणि गेजवर नजर असू द्या. लाल दिवा लागूनही "एवढे दोनच किलोमीटर" म्हणणाऱ्यांमुळेच इंजिनचे काम करणाऱ्यांची घरे चालतात. आणि काम करताना कूलंट सांडले तर पुसून टाका, ते चवीला गोड असते आणि आपल्या हॉस्टेलच्या कुत्र्यांना ते कळत नाही.

शेवटी गॅरेजवाल्यांबद्दल. ते आपले शत्रू नाहीत. दिवसाला दहा गाड्या हातावेगळ्या करायच्या असताना पार्ट बदलणे हा त्यांना सोपा मार्ग वाटतो. आपल्याकडे रविवारची दुपार असते, त्यांच्याकडे नसते. म्हणून त्यांच्याकडे जाताना "फॅन लागत नाही" एवढेच सांगू नका. "कूलंट भरलेले आहे, ३०-८७ जोडल्यावर पंखा फिरतो, सेन्सर बघा" असे सांगा. वायरिंग जाणणारा मिस्त्री असे ऐकले की वेगळ्या नजरेने बघतो आणि बिलही वेगळे येते.

क्रम लक्षात ठेवा : पाणी, फ्यूज, रिले, मग ज्या बाजूला दोष निघेल ती बाजू, आणि अर्थ कधीही विसरायचा नाही. टेस्ट लॅम्प बी विंगमध्ये माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. कुणीही न्या, फक्त परत आणून लावा.