थंडीत विरघळणारा कापूस

पदार्थ विरघळत नसेल तर पाणी तापवावे, हा घरोघरचा शिरस्ता सेल्युलोजच्या बाबतीत उलटा ठरतो, आणि या कामात नव्याने हात घालणाऱ्याची पहिली फसगत बहुधा इथेच होते. सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांबच लांब साखळी. अशा साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात, की साधे पाणी त्यांना सोडवू शकत नाही, आणि सुताला झळाळी आणणाऱ्या मर्सरीकरणातला तीव्र कॉस्टिक सोडाही तंतू फुगवून थांबतो. चीनमधील वुहान विद्यापीठात झांग लिना यांच्या गटाने पुढे आणलेल्या विद्रावकात वजनाने 7 भाग कॉस्टिक सोडा, 12 भाग युरिया आणि 81 भाग पाणी असते. तो आधी उणे 12 अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करून त्यात सेल्युलोज घातले आणि जोराने घुसळले, तर काही मिनिटांत ते विरघळते. थंडीत अल्कलीचे जलवेष्टित आयन साखळ्यांमधले बंध सोडवतात आणि युरिया सुट्या साखळ्यांना पुन्हा चिकटू देत नाही, असे सामान्यतः मानले जाते. मात्र युरियाच्या नेमक्या भूमिकेवर अभ्यासकांचे अद्याप एकमत नाही.

अशाच एका प्रयत्नात गुठळ्या राहिल्या म्हणून प्रयोगकर्त्याने चंचुपात्र गरम तबकडीवर ठेवले, तेव्हा पातळ द्रावण बघता बघता खळीसारखे थिजले आणि पुन्हा बर्फात ठेवूनही सुटले नाही, कारण उष्णतेने साखळ्या परस्परांत अडकून बनलेला हा जेल नुसत्या थंडीने मोडत नाही. मूळ चूक त्याही आधीची होती. पावसाळी दमट हवेत कॉस्टिकच्या गोळ्या तागडीवरच पाणी शोषून ओलसर झाल्या होत्या, त्यामुळे वजन बरोबर दिसूनही अल्कली कमी पडली; शिवाय वापरलेला औषधी कापूस लांब साखळ्यांचा होता आणि त्या सौम्य आम्लाने आधी तोडून घ्यायला हव्या होत्या.

म्हणून गोळ्यांची बाटली क्षणभरच उघडावी, चष्मा व हातमोजे घालून गोळ्या थोड्या थोड्या पाण्यात सोडाव्यात (पाणी गोळ्यांवर ओतू नये), आणि मिश्रण प्लॅस्टिकच्या भांड्यात ठेवावे, कारण अल्कली काचेचे बूच धरून ठेवते. खताच्या गोणीतला युरिया स्वस्त पडला तरी त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, तेव्हा शुद्ध युरियाच घ्यावा. तयार द्रावण बर्फातच ठेवून त्याच दिवशी काचेवर पसरावे आणि सौम्य गंधकाम्लात बुडवावे, म्हणजे सेल्युलोजचा पारदर्शक पापुद्रा सुटून येतो.