टर्बोची शिट्टी आणि तेलाचे डाग

प्रश्न : माझी टर्बो डिझेल गाडी 1 लाख 10 हजार किलोमीटर चालली आहे. खंबाटकी घाट चढताना शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअप कमी वाटतो. इंटरकूलरच्या पाइपवर तेलही दिसतं. टर्बो बदलावा लागेल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : लगेच नको. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावरच शिट्टी वाजत असेल आणि काळा धूर येत असेल, तर आधी इंटरकूलरचे होजपाइप आणि क्लॅम्प तपासा. फटीतून दाबाखालची हवा निसटते, सोबत तेलही. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारं थोडं तेल या पाइपांत असतंच.

पाइप ठीक असतील, तर इंजिन थंड असताना टर्बोचा हवेकडचा पाइप काढायला सांगा. शाफ्ट आडवा किंचित हलणं चालतं. पुढे-मागे हलणं जाणवलं किंवा पाती घासल्याच्या खुणा दिसल्या, तर बेअरिंग गेलं आहे. मात्र नवा टर्बो बसवण्यापूर्वी त्याच्या तेलाच्या नळ्या साफ करून घ्या, नाहीतर तोही टिकणार नाही.

निळा धूर, धातू घासल्याचा आवाज किंवा तेलाची पातळी झपाट्याने उतरणं, यांपैकी काही दिसलं तर गाडी टो करूनच गॅरेजला न्या. टर्बोतून आत जाणाऱ्या तेलावर डिझेल इंजिन आपोआप बेफाम वेगाने फिरू शकतं आणि मग चावी फिरवूनही बंद होत नाही.