दम्याचा रुग्ण आणि वेदनाशामक गोळी

मराठवाड्यातील दम्याचे अनेक रुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येतात. १९५६ साली स्थापन झालेल्या या महाविद्यालयाचे रुग्णालय लोकांना ‘घाटी’ या नावानेच ठाऊक आहे. कन्नड वा सोयगावच्या रुग्णाला तेथवर बराच पल्ला गाठावा लागतो. म्हणूनच दमा उसळविणारी कारणे गावातच ओळखली जाणे अगत्याचे आहे. धूळ, चुलीचा धूर, विडी ही सर्वपरिचित आहेत. अंगदुखीवर सहज घेतलेली गोळी हेही एक कारण असू शकते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही.

श्वासनलिकांभोवती अनैच्छिक स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की नलिका अरुंद होते व श्वास सोडताना छातीत घरघर सुरू होते. या स्नायूंना संदेश देणाऱ्या द्रव्यांत प्रोस्टाग्लँडिन हा एक गट आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३०च्या दशकात त्याला पौरुषग्रंथीवरून हे नाव दिले. पुढे ही द्रव्ये शरीरात जवळजवळ सर्वत्र तयार होतात असे आढळले, पण नाव तेच राहिले.

पेशीवर या द्रव्यांना धरून घेणारे विशिष्ट रेणू असतात. त्यांना ग्राही म्हणतात. परिणाम ठरतो तो ग्राहीवरून. एकच परिपत्रक दोन कार्यालयांत जावे आणि दोहोंनी त्यावर निरनिराळी कार्यवाही करावी, तसा हा प्रकार होय. उदाहरणार्थ, प्रोस्टाग्लँडिन ई-२ माणसाच्या श्वासनलिकेतील स्नायूवरच्या ईपी-४ या ग्राहीला भिडले, की पेशीत चक्रीय एएमपी वाढते व स्नायू सैलावतो. दम्याच्या पंपातील साल्ब्युटामॉल वेगळ्या ग्राहीमार्फत याच वाटेने काम करते. मग ई-२चाच पंप का नाही? कारण तेच द्रव्य मज्जातंतूंवरील ईपी-३ ग्राहीला चेतवून खोकल्याची उबळ आणते. याउलट, ॲलर्जीच्या वेळी मास्ट पेशींतून सुटणारे डी-२ हे टीपी नावाच्या ग्राहीमार्फत स्नायू आवळते. डी-२चा दुसरा एक ग्राही रोखणाऱ्या फेविपिप्रंट या औषधाकडून मोठ्या आशा होत्या. २०१९ मध्ये मोठ्या चाचण्यांत त्या फोल ठरल्या.

आता गोळीकडे वळू. ॲस्पिरिन प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. १९८२चे नोबेल पारितोषिक त्यांना बर्गस्ट्रोम व सॅम्युएल्सन यांच्यासह मिळाले. आयब्युप्रोफेन व डायक्लोफेनॅक याच जातीची औषधे आहेत. काही दमेकऱ्यांत ई-२चा लगाम असा सुटला, की ल्युकोट्रीन ही स्नायू जोराने आवळणारी द्रव्ये बेसुमार वाढतात. प्रौढ दमेकऱ्यांत अशांचे प्रमाण शेकडा सुमारे ७ आढळले आहे. नाकात वारंवार मांसवाढ होणाऱ्यांत ते अधिक असते. गोळी घेतल्यावर अर्ध्या ते तीन तासांत नाक चोंदते, डोळे लाल होतात, छाती आवळते. अशा रुग्णाला विलंब न लावता दवाखान्यात न्यावे.

प्रत्येक दमेकऱ्याने या गोळ्या वर्ज्य कराव्यात असे मुळीच नाही. हृदयविकारासाठी ॲस्पिरिन चालू असल्यास ते परस्पर बंद करणे धोक्याचेच. पण पूर्वी एकदा जरी असा त्रास झाला असेल, तर गोळीचे नाव लिहून ठेवावे आणि प्रत्येक डॉक्टरला व औषध दुकानदाराला ते सांगावे. पॅरासिटामॉल नेहमीच्या मात्रेत अशा बहुतेकांना चालते. तेही वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे.