आधी पाणी, मग ॲक्सोलॉटल

'माइनक्राफ्ट' या खेळात २०२१ साली ॲक्सोलॉटल आला आणि तेव्हापासून कितीतरी घरांत मुलांनी त्याचा हट्ट धरला. आमच्याकडे तो लेकीने धरला. हा प्राणी मासा नाही, उभयचर आहे. बेडकाचं पिल्लू मोठं होऊन पाण्याबाहेर येतं, हा येत नाही. बाहेर लोंबणारे पिसांसारखे कल्ले घेऊन तो जन्मभर पाण्यातच राहतो. नीट सांभाळला तर दहा-पंधरा वर्षं जगतो. म्हणून त्याच्यासाठी झाडांची टाकी लावायची, तर घाई करून चालत नाही. पुण्यात राहून मला जे उमगलं, ते क्रमाने मांडते.

१. थंडाव्याची सोय होत नसेल तर विचार सोडून द्या.

ॲक्सोलॉटलचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीच्या दक्षिणेचे सोचिमिल्कोचे कालवे. समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवरचं ते गार पाणी. त्याला १६ ते १८ अंश सेल्सिअस मानवतं, २० च्या वर तो कष्टी होऊ लागतो आणि २४ च्या पुढे जिवावर बेतू शकतं. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत घरातल्या टाकीचं पाणी सहज तिशीला टेकतं. पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-चार अंश उतरतात, पण ते कोरड्या हवेत. पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की पंख्याचा उपयोग संपतो. बर्फाच्या बाटल्या सोडल्या तर तापमान दिवसभर खाली-वर होत राहतं, आणि तो ताण उन्हाळ्याइतकाच वाईट. उरतो तो चिलर. तो बहुतेक वेळा टाकीपेक्षा महाग पडतो, शिवाय पाण्यातली उष्णता खोलीत फेकतो, त्यामुळे बंद कपाटात कोंडून चालत नाही. मुंबई-नागपुरात तर त्याच्याशिवाय हे धाडस करूच नये. चिलर परवडत नसेल तर गप्पी पाळा, तेही सुंदर असतात. हे मी मनापासून सांगते आहे.

२. टाकी उंच नको, लांब-रुंद हवी.

मोठा ॲक्सोलॉटल वीतभर किंवा त्याहून जरा लांब होतो आणि बहुतेक वेळ तळाशीच चालतो. एका प्राण्याला ९० × ४५ सेंटीमीटरचा तळ मोकळा वाटतो. वर घट्ट झाकण हवंच, कारण तो उडी मारतो. प्रवाह मंद हवा. स्पंज फिल्टर आणि साधा एअर पंप उत्तम. वीज गेली तर पंप छोट्या इन्व्हर्टरवरही चालतो, चिलर चालत नाही. तेव्हा उन्हाळ्यात पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या फ्रीजरमध्ये अडीअडचणीसाठी ठेवलेल्या बऱ्या.

३. तळाशी खडे नकोत.

ॲक्सोलॉटल अन्न चावत नाही. तोंड झटकन उघडून पाण्यासकट आत ओढतो. त्यासोबत खडा गेला की आतड्यात अडकतो. वाळू हवी ती एक मिलिमीटरपेक्षा बारीक आणि गोल कणांची. घरच्या बारीक चाळणीतून चाळून, पाणी नितळ येईपर्यंत धुवायची. बांधकामाची क्रश सँड धारदार असते, ती नाही. पिल्लू पंधरा सेंटीमीटरचं होईपर्यंत तर तळ उघडाच ठेवावा. झाडांच्या टाकीत घालतात त्या काळ्या मातीच्या गोळ्याही टाळाव्यात. त्या पाण्यात अमोनिया सोडतात आणि पाणी आम्लधर्मी करतात. या प्राण्याला साडेसातच्या आसपासचा पीएच आणि थोडं जड पाणी आवडतं.

४. झाडं अशी निवडा की ती उपटली जाणार नाहीत, आणि फार उजेड मागणार नाहीत.

ॲक्सोलॉटलला पापण्या नाहीत. झगझगीत दिव्याखाली तो कोपरा शोधत बसतो. म्हणजे लाल पानांची, प्रखर उजेड आणि कार्बन डायऑक्साइड मागणारी झाडं बाद. जावा फर्न, अनुबियास आणि जावा मॉस मंद उजेडात आणि गार पाण्यात तग धरतात. वाढ संथ असते, पण मरत नाहीत. पहिल्या दोघांचं आडवं खोड वाळूत पुरायचं नाही, कुजतं. सुती दोऱ्याने गुळगुळीत दगडाला किंवा लाकडाला बांधायचं. दोरा कुजेपर्यंत मुळांनी पकड घेतलेली असते. व्हॅलिसनेरिया लावायचीच असेल तर कुंडीत लावा, नाहीतर रात्रीच्या भटकंतीत ती उपटून वर तरंगते. माझं सर्वांत आवडतं झाड मात्र मनीप्लांट. पानं टाकीबाहेर, मुळं पाण्यात. नायट्रेट खाण्यात त्याची बरोबरी माझ्या टाकीतलं दुसरं कुठलंच झाड करत नाही. आणि एक, खत घ्याल तर त्यात तांबं आहे का ते वाचून घ्या. उभयचरांची त्वचा पाण्यातलं सारं आत घेते.

५. टाकी 'सायकल' होणं म्हणजे जिवाणूंची वस्ती बसणं, आणि त्यांनाही अन्न लागतं.

दुकानात सांगतात, पाणी भरा, आठ दिवस फिल्टर चालवा, झालं. नुसतं पाणी फिरवून काही होत नाही. प्राण्याच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एका गटाचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही विषारी, तिसरा बराच सौम्य. या जिवाणूंना टाकीत प्राणी नसतानाच अन्न द्यायचं. त्यासाठी अमोनियम क्लोराइड सोपं, म्हणजे कल्हईवाले वापरतात तो नवसागर. बाजारचा नवसागर अशुद्ध असू शकतो, म्हणून प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणावा. शंभर लिटरला साधारण ०.६ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. मग द्रवरूप टेस्ट किटने मोजत राहायचं. कागदी पट्ट्यांवर माझा भरवसा नाही. आधी अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढतं, कितीतरी दिवस चढलेलंच राहतं, आणि मग एकदम कोसळतं. नव्या टाकीला याला चार ते आठ आठवडे लागतात. कुणाच्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. २ पीपीएम घातलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य आणि नायट्राइटही शून्य, हे सलग काही दिवस दिसलं की वस्ती बसली.

नळाचं पाणी क्लोरीन काढल्याशिवाय घालायचं नाही, हे वेगळं सांगायला हवं, कारण क्लोरीन जिवाणूंना मारण्यासाठीच असतो. क्लोरीन काढायचं औषध कोरफड किंवा आयोडीन नसलेलं घ्या. दोन्ही उभयचरांना नकोत.

६. सायकल मध्येच अडली तर पीएच पाहा.

अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला कार्बोनेटचा साठा खर्च होतो. मृदू पाण्यात तो मुळात थोडा. तो संपला की पीएच घसरतो आणि सहाच्या आसपास जिवाणू जवळजवळ काम थांबवतात. लोक मग आणखी बाटलीबंद जिवाणू विकत आणत बसतात. गरज असते ती चिमूटभर खायच्या सोड्याची. पुढच्या काळासाठी शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवावा.

७. झाडं असताना शून्य आकडा चटकन खरा मानू नका.

झाडं अमोनिया थेट पिऊन टाकतात. भरपूर लागवड असेल तर नायट्राइट कधी दिसतच नाही आणि सारं आलबेल वाटतं. पण मोठ्या ॲक्सोलॉटलचा एका जेवणाचा भार झाडांच्या एकट्याच्या आवाक्यातला नसतो. अंधारात तर नाहीच. म्हणून मला पटलेली पद्धत अशी, की आधी स्पंजावर जिवाणूंची वस्ती बसवायची, झाडांची मुख्य लागवड त्यानंतर.

८. सायकल उबेत करा, परीक्षा थंडीत घ्या.

हे मला कुठल्याही पुस्तकी यादीत ठळक दिसलं नाही, पण आपल्या हवामानात सगळ्यात कामाचं आहे. जिवाणूंना २५ ते ३० अंशांत जोम येतो. जो उन्हाळा प्राण्याला नको, तो त्यांना हवा असतो. तेव्हा सायकलच्या काळात चिलर बंदच ठेवा. वस्ती बसली की तापमान रोज थोडं थोडं १७ वर आणा आणि तोच अमोनिया पुन्हा घाला. गारठ्यात जिवाणू सुस्तावतात. चोवीस तासांचं काम दोन दिवसांवर जातं. तिथेही चोवीस तासांत शून्य येईस्तोवर थांबायचं. त्यानंतर साठलेला नायट्रेट २० पीपीएमच्या खाली येईपर्यंत पाणी बदला.

९. कागद पाहिल्याशिवाय प्राणी घेऊ नका.

सोचिमिल्कोत १९९८ साली दर चौरस किलोमीटरला सुमारे ६,००० ॲक्सोलॉटल मोजले होते. २०१४ च्या गणनेत ते ३६ वर आले. घाण पाणी आणि बाहेरून आणून सोडलेले तिलापिया आणि कार्प मासे ही त्याची मोठी कारणं. हा प्राणी वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार ती 'परिवेश' पोर्टलवर करायची असते. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर उठून यावं. आणि टाकीतलं काहीही, झाडाची फांदीसुद्धा, नदी-तलावात सोडू नये. तिकडे काय झालं ते समोर आहे.

१०. प्राणी आल्यावरही महिनाभर मोजत राहा.

गांडूळ हे त्याचं उत्तम अन्न, पण गांडूळखताच्या वाफ्यातलं लाल गांडूळ कडवट द्रव सोडतं, आमचा ते थुंकून टाकतो. मातीतलं मोठं, औषधफवारणी नसलेल्या जागेचं गांडूळ आवडीने खातो. उरलेला तुकडा रात्रीच काढायचा. कल्ले पुढे वळलेले दिसले तर प्रवाह जोरात आहे का ते पाहा. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळलं असेल तर आधी थर्मामीटर, मग अमोनियाची चाचणी. अमोनिया किंवा नायट्राइट शून्याच्या वर दिसलं, तर त्याच वेळी, तापमान जुळवून, निम्मं पाणी बदला. सकाळपर्यंत थांबू नका.