रिची स्ट्रीटला जाण्याआधी

बाळ, शनिवारी रिची स्ट्रीटला जाऊन स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर जुळवायचा म्हणतेस, ऐकून फार बरं वाटलं. चेन्नईत माझी तीस वर्षं गेली. माउंट रोडवरून त्या गल्लीत कितीदा वळलो त्याला गणती नाही. मामाच्या चार गोष्टी पदराला बांधून ठेव.

आधी काम, मग प्रोसेसर. दुकानात शिरलीस की कोणीतरी अण्णा सगळ्यात महागडा डबा पुढे करेल. तुझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. सहा कोरचा चांगला प्रोसेसर घे आणि उरलेले पैसे रॅम, एसएसडी आणि दमदार पॉवर सप्लायवर घाल. सगळी पुंजी प्रोसेसरवर ओतली की बाकीचं मशीन उपाशी राहतं.

नंबरामागचं अक्षर वाच. इंटेलच्या नंबरामागे एफ असला, तर त्यात ग्राफिक्स नसतं. थोडे पैसे वाचतात, पण ग्राफिक्स कार्ड बिघडलं की पडदा काळा. शिवाय व्हिडिओ उलगडायला मदत करणारं क्विक सिंकही त्याच ग्राफिक्समध्ये असतं, म्हणून तू एफ घेऊ नकोस. एएमडीच्या ५६००मध्ये ग्राफिक्स नाही, ५६००जीमध्ये आहे. इंटेलच्या केवाल्यांबरोबर पंखा येत नाही, तो खर्च वेगळा धर.

सोयरीक सॉकेटशी जुळव. एएम४ला डीडीआर४ रॅम लागते. २०२२मध्ये आलेल्या एएम५ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीला १७०० पिनांचं सॉकेट, त्यात डीडीआर४चे बोर्ड वेगळे आणि डीडीआर५चे वेगळे. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल, तर बायोस दुकानातच अपडेट करून घे. नाहीतर घरी आल्यावर मशीन जागंच व्हायचं नाही.

आपलं ऊन विसरू नकोस. परीक्षणं बहुतेक थंड खोलीत होतात. आपल्याकडे मे महिन्यात, अग्नी नक्षत्राच्या दिवसांत, एसी नसलेली खोली पस्तिशीच्या पुढे जाते. कूलर फक्त आतली उष्णता खोलीच्या हवेत सोडतो, त्यामुळे खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही साधारण तेवढाच जास्त तापतो. मर्यादा गाठली की तो स्वतःच वेग कमी करतो, म्हणजे जादा मोजलेले पैसे दुपारी वाया. म्हणून ६५ वॅटच्या वर्गातला घे. चौदाव्या पिढीतला १४९००के जोरात असताना २५३ वॅटपर्यंत जातो. आपल्या खोलीत ती शेगडीच.

सीलबंद डबाच माग. ट्रेमधला सुटा प्रोसेसर स्वस्त मिळतो, पण त्याला बहुधा डब्यावरची तीन वर्षांची वॉरंटी नसते. जीएसटीचं पक्कं बिल घे आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घे. तेराव्या-चौदाव्या पिढीतला मोठा प्रोसेसर जुना घेऊ नकोस. व्होल्टेजमुळे त्यांची झीज होते हे इंटेलनेच २०२४मध्ये मान्य केलं. बायोसच्या अपडेटने पुढचं नुकसान टळतं, झालेलं भरून येत नाही.

हात हलका ठेव. एकदा घाईत मी जुन्या मशीनचा कूलर सरळ वर ओढला. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून आला आणि सात-आठ पिना आडव्या झाल्या. मेकॅनिकल पेन्सिलीतलं शिसं काढून तिचं पोकळ टोक एकेका पिनेवर चढवलं आणि भिंगाखाली त्या सरळ करता करता पहाट झाली. तेव्हापासून आधी मशीन दहा मिनिटं चालवतो, पेस्ट मऊ झाली की बंद करून कूलर डावी-उजवीकडे हळूच फिरवतो आणि मगच उचलतो. तुझ्या नव्या मशीनमध्ये पिना बोर्डावर असतील, तर त्यांना बोट लावू नकोस. कोपऱ्यावरचा त्रिकोण जुळव आणि प्रोसेसर अलगद ठेव, दाबू नकोस.

सगळं जुळलं की भर दुपारी दोनला, एसी न लावता, तुझा सगळ्यात लांब व्हिडिओ एक्सपोर्टला लाव आणि तापमान बघत बस. ते ऐंशीच्या आत राहिलं, तर निवड बरोबर झाली असं समज आणि मला लगेच फोन कर.