परसातील आंबा आणि त्याचा मोहर

परसात आंब्याची दोन-चार झाडे असलेल्या घरी माघाच्या सुमारास एकच विषय असतो: मोहर किती आला? झाड नखशिखान्त फुललेले पाहून मंडळी हरखतात आणि पुढे मोजक्याच कैऱ्या धरल्या की खंतावतात. मोहराची रचना ध्यानी घेतली, तर ही खंत बरीचशी अनाठायी आहे, असे आम्हांस वाटते.

मोहराच्या एका तुऱ्यात शेकडो, कधी हजारो फुले असतात. त्यांतील पुष्कळशी केवळ नरफुले. ज्यांत स्त्रीकेसर असतो अशी द्विलिंगी फुले तुलनेने थोडी, आणि फळ धरते ते त्यांनाच. धरलेली फळेही कणी, वाटाणा, गोटी या अवस्थांत गळत राहतात. शेवटी शंभर फुलांमागे एकही फळ हाती येत नाही. इतक्या भारानेच फांद्या वाकतात, तेव्हा सगळीच फुले फळली असती तर झाडाचे काय झाले असते, याचा विचारच केलेला बरा!

मोहर येण्यासाठी फांदीचे शेंडे जून, पक्व असावे लागतात आणि रात्री थंड व्हाव्या लागतात. पावसाळा लांबला किंवा ऐन कार्तिकात झाडाला भरपूर पाणी दिले, की शेंड्यांवर मोहराऐवजी तांबूस पालवी फुटते. म्हणून त्या दिवसांत पाण्याचा हात आखडता ठेवावा आणि फळ वाटाण्याएवढे झाल्यावर पाणी द्यावे.

खरी जोखीम मात्र निराळीच आहे. मोहरावर तुडतुडे येतात. ते रस शोषतात, त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते आणि मोहर काळवंडतो. ढगाळ, दमट हवेत भुरीही पडते. मग घाबरलेला गृहस्थ शेजाऱ्याचा पंप मागून आणतो आणि पूर्ण उमललेल्या मोहरावर कीटकनाशक फवारतो. आंब्याचे पराग चिकट असतात. वारा ते फारसे वाहून नेत नाही. ते काम मुख्यतः माश्या करतात. मधमाश्या येतातच, पण ज्यांना आपण किळसवाण्या म्हणून हाकलतो त्या साध्या माश्यांचा वाटा त्यात फार मोठा आहे. फुललेल्या मोहरावरचे औषध तुडतुड्यांबरोबर त्यांनाही मारते. मोहर हिरवा, टवटवीत दिसतो आणि फळ मात्र धरत नाही. फवारणी करायचीच असेल, तर मोहर बाहेर पडत असताना, फुले उमलण्यापूर्वी, जाणकारास विचारून करावी. दाट फांद्या विरळ करून झाडात ऊन-वारा खेळता ठेवला, तर तुडतुड्यांचा उपद्रव मुळातच कमी होतो.

आणखी एक गोष्ट. हापूसचे कलम लावले, की बांधावरचा रायवळ आंबा 'निरुपयोगी' ठरवून तोडण्याची रीत पडली आहे. ही घाई आम्हांस मान्य नाही. हापूसच्या बागेत अन्य जातींची काही झाडे असावीत, असे कृषितज्ज्ञ सांगतात, कारण परक्या परागांमुळे फळधारणा सुधारते. रायवळाचा मोहर हापूसबरोबर फुलत असेल, तर बांधावर उभे राहूनही ते झाड आपल्या कलमाची चाकरी करीत असते. शिवाय लोणच्याची कैरी त्याचीच.

कोकणात कधी कधी फळे धरलेल्या फांदीवरच थंडीने पुन्हा मोहर फुटतो. त्याला पुनर्मोहर म्हणतात. झाडाची अन्नरसद नव्या मोहराकडे वळते आणि आधीची लहान फळे गळतात. अशा वेळी दुसऱ्यांदा फुललेले झाड पाहून आनंदण्याआधी पहिल्या कैऱ्या शाबूत आहेत ना, हे फांदी वाकवून पाहावे.