लघु ख्रिस्ती समूह : प्रार्थनेकडून सेवेकडे



आपली कुटुंबे किती ठिकाणी विखुरलेली आहेत याचा आपण क्वचितच विचार करतो. तळेगाव गावठाण, स्टेशन, यशवंतनगर, वराळे, सोमाटणे, वडगाव, शिवाय औद्योगिक वसाहतीच्या बाजूला उभ्या राहिलेल्या नव्या सोसायट्या. कोणी अहिल्यानगर किंवा जालना जिल्ह्यातून नोकरीसाठी आले, कोणी गोव्यातून, कोणी वसईहून, कोणी केरळ-तामिळनाडूतून. घरातला कर्ता माणूस चाकणला किंवा पिंपरी-चिंचवडला कामाला, तोही कधी पहिल्या पाळीत, कधी तिसऱ्या. अशा ठिकाणी एखादे कुटुंब पाच वर्षे नियमाने रविवारच्या मिस्साला येऊ शकते आणि तरीही त्यांचे नाव शेजारच्या बाकावरच्या माणसाला ठाऊक नसते. त्या घरात कोणी आजारी पडले, कोणाची नोकरी गेली, तर ते कोणाला कळणार? मृत्यू झाला तर पेटीला खांदा द्यायला कोण येणार?

या प्रश्नांचे उत्तर एकटा धर्मगुरू देऊ शकत नाही. ते देण्यासाठी ख्रिस्तसभेने आपल्याला एक साधन दिले आहे. ते म्हणजे लघु ख्रिस्ती समूह. आज आपण या साधनाचा थोडा अभ्यास करू या.

ख्रिस्तसभेने हा मार्ग का स्वीकारला?

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२ ते १९६५) ख्रिस्तसभा म्हणजे देवाची प्रजा असे शिकवले. बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाचा ख्रिस्ताच्या कार्यात वाटा आहे, ही त्यामागची श्रद्धा. ही शिकवण प्रत्यक्षात कशी उतरवायची याचा शोध जगभर सुरू झाला. लॅटिन अमेरिकेत बिशपांच्या मेडेलिन येथील १९६८ च्या सभेनंतर गरीब वस्त्यांतून असे समूह वाढले. पूर्व आफ्रिकेत धर्मगुरू थोडे आणि गावे लांबलांब, म्हणून तेथील बिशपांनी १९७० च्या दशकात लहान समूह उभारणे हेच आपले मुख्य काम मानले. १९७५ साली पोप सहावे पॉल यांनी सुवार्ताप्रसारावरील आपल्या पत्रात या समूहांचे स्वागत केले आणि सावधही केले. समूहाने स्थानिक ख्रिस्तसभेपासून तुटू नये, राजकीय गटबाजीत अडकू नये आणि आपणच काय ते खरे ख्रिस्ती असे समजू नये, असे त्यांचे सांगणे होते. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९० साली हे समूह ख्रिस्तसभेच्या जिवंतपणाची खूण असल्याचे म्हटले.

त्याच वर्षी आशियातील बिशपांची सभा इंडोनेशियातील बांडुंग येथे भरली. आशियातील ख्रिस्तसभा ही समूहांनी मिळून बनलेला एक मोठा समूह असावी, हा विचार तेथे पुढे आला. आपल्या शेजारी मुंबई महाधर्मप्रांतात हे काम १९८० च्या दशकापासून सुरू आहे. तेथे साहाय्यक बिशप बॉस्को पेन्हा यांनी त्यासाठी पुष्कळ परिश्रम घेतले.

या सगळ्यामागे ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणीतले एक जुने तत्त्वही आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली ते स्पष्ट मांडले. जे काम लहान गटाला नीट करता येते, ते मोठ्या संस्थेने त्याच्या हातून काढून घेऊ नये. गरज पडल्यास मदत करावी, पण लहानाची जबाबदारी लहानाकडेच राहू द्यावी. हे तत्त्व समाजाला लागू आहे तसेच धर्मग्रामालाही आहे. सोमाटण्याच्या एखाद्या आजीला दवाखान्यात नेण्यासाठी धर्मग्राम परिषदेच्या सभेची वाट पाहावी लागू नये.

सात जणांची निवड

नेतृत्वाविषयी बोलताना आपण बहुधा मोशेपासून सुरुवात करतो. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात त्याचा सासरा इथ्रो त्याला सांगतो, की सगळे ओझे एकट्याने वाहिलेस तर तूही थकशील आणि लोकही थकतील; म्हणून हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर विश्वासू माणसे नेम. हा सल्ला मोलाचा आहे. पण आपल्यासारख्या बहुभाषिक धर्मग्रामासाठी प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय अधिक जवळचा आहे.

यरुशलेममध्ये श्रद्धावंतांची संख्या वाढत होती आणि कुरबुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती, की रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते. म्हणजे पहिल्या ख्रिस्तसभेतला हा वाद भाषेचा आणि भाकरीचा होता. प्रेषितांनी तेव्हा काय केले ते नीट पाहू या.

पहिली गोष्ट, त्यांनी तक्रार झटकून टाकली नाही. दुसरी, त्यांनी माणसे स्वतः निवडली नाहीत. सर्वांना एकत्र बोलावून त्यांनाच निवड करायला सांगितले. तिसरी, त्यांनी कसोटी ठरवून दिली. ज्यांचे नाव चांगले आहे, जे पवित्र आत्म्याने आणि सुज्ञपणाने भरलेले आहेत, असे लोक हवेत. श्रीमंती, शिक्षण, वक्तृत्व यांचा तेथे उल्लेख नाही. चौथी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकनोर, तीमोन, पार्मिना आणि नीकलाव ही सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातूनच माणसे निवडून सर्वांनी त्यांच्या हाती वाटप सोपवले. शेवटी प्रेषितांनी प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवले. निवड लोकांची आणि अधिकार ख्रिस्तसभेचा, असे दोन्ही येथे एकत्र आले.

आपल्या समूहांत हे कसे उतरेल? एखाद्या समूहात बहुतेक कुटुंबे मराठी असतील आणि दोन-तीन तमिळ असतील, तर त्या दोन-तीन घरांतून कोणी जबाबदारीवर आहे का, हे पाहायला हवे. भाड्याच्या खोलीत राहणारे, ठेकेदाराकडे काम करणारे यांच्यापैकी कोणी आहे का? समूहाचे प्रमुख नेहमी स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहणारेच असतील, तर दुर्लक्ष कोणाकडे होते हे त्यांना समजायला वेळ लागेल.

तंबू करणारे जोडपे

ज्यांना आपण साधी कामगार माणसे आहोत, नेतृत्व आपले काम नाही, असे वाटते, त्यांनी अक्विला आणि प्रिस्किल्ला यांची आठवण ठेवावी. हे जोडपे तंबू करण्याचा धंदा करी. सम्राट क्लौद्याच्या हुकुमामुळे त्यांना रोम सोडावे लागले. ते करिंथला आले. पौलाचाही धंदा तोच, म्हणून तो त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करू लागला. पुढे ते इफिसला गेले, नंतर पुन्हा रोमला. रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौल त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम सांगतो. पोटासाठी गाव बदलावे लागले तरी या दोघांच्या घरी मंडळी जमतच राहिली. औद्योगिक पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला याहून ओळखीचे उदाहरण कोणते मिळेल?

सहावी पायरी

समूहाच्या सभेसाठी शुभवर्तमान-मननाची सात पायऱ्यांची पद्धत आपल्याकडे प्रचलित आहे. ती दक्षिण आफ्रिकेतील लुम्को संस्थेतून जगभर पसरली. प्रथम प्रभूला आमंत्रण द्यायचे. मग वचन वाचायचे. मनाला भिडलेले शब्द पुन्हा उच्चारायचे. शांत राहायचे. आपल्याला काय जाणवले ते सांगायचे. सहाव्या पायरीवर समूहाने कोणते काम करायचे ते ठरवायचे. आणि सातव्या पायरीवर उत्स्फूर्त प्रार्थना करायची.

पुष्कळदा पाचव्या पायरीनंतर आपण घड्याळ पाहतो आणि थेट सातवीवर उडी मारतो. चहा येतो आणि सभा संपते. पण सहावी पायरी गाळली तर समूह म्हणजे आणखी एक प्रार्थनासभा एवढेच उरते. प्रार्थना हवीच. जपमाळ हवी, सणाची तयारी हवी. पण स्तेफनला निवडले ते वाटपाच्या कामासाठी, हे विसरून चालणार नाही.

सहाव्या पायरीवर तीनच प्रश्न पुरेत. मागच्या सभेत ठरलेले काम झाले का? या महिन्यात आपल्या भागात कोण अडचणीत आहे? त्यांच्यासाठी कोण, काय आणि केव्हा करणार? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नावासह वहीत लिहावे. “आपण सर्व जण बघू” असे ठरले, की ते काम कोणीच बघत नाही.

सेवा म्हणजे नेमके काय?

तळेगावातील जनरल मोटर्सचा कारखाना २००८ साली सुरू झाला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादन थांबले. पुढे तो ह्युंदाई कंपनीने घेतला. बातमीत ही दोन-तीन वाक्ये असतात. पण ज्या घरातला पगार थांबतो, त्या घरी फ्लॅटचा हप्ता, मुलांची फी आणि मनातली लाज एकाच वेळी येते. लघु समूह कोणाला नोकरी देऊ शकत नाही. मात्र तो चार गोष्टी करू शकतो. त्या घरी जाऊन बसू शकतो. फीसाठी तात्पुरती मदत उभी करू शकतो. भविष्य निर्वाह निधीचे, ईएसआयचे कागद भरायला जाणकार माणूस गाठून देऊ शकतो. आणि दुसरीकडे जागा निघाल्याची बातमी पोहोचवू शकतो. मार्च २०२० नंतर चर्चचे दरवाजे बंद असताना औषध आणि किराणा कोणाला हवा आहे, हे शेजाऱ्यालाच आधी कळू शकत होते. संकट येण्यापूर्वी ओळख झालेली असली, तरच संकटात हाक मारता येते.

ही सेवा केवळ आपल्या लोकांपुरती नसावी. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूचा धर्म विचारला नाही. त्याच इमारतीतल्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध शेजाऱ्याच्या घरी आजारपण असेल तर तेही आपले काम. आणि मदतीच्या बदल्यात कशाचीही अपेक्षा नको.

पैशाचे काय, असे कोणी विचारील. आपल्या तळेगावातच १९०८ साली पैसा फंडाच्या वर्गणीतून काचेचा कारखाना उभा राहिला. लोकांकडून एकेक पैसा गोळा करण्याची ती कल्पना अंताजी दामोदर काळे यांची, आणि तिला लोकमान्य टिळकांचा पाठिंबा होता. थोड्या थोड्या वर्गणीतून काय उभे राहते हे या गावाने पाहिलेले आहे. समूहाचा निधी लहान असला तरी चालेल. मात्र हिशेब दोघांनी मिळून ठेवावा आणि प्रत्येक सभेत वाचून दाखवावा.

प्रमुखांसाठी काही सूचना

१. समूह पंधरा-वीस कुटुंबांचा असावा. त्याहून मोठा झाला तर दोन करावेत.

२. सभेची वेळ पाळीप्रमाणे बदलावी. एक महिना रविवारी सकाळी, तर पुढच्या महिन्यात संध्याकाळी. सभा दर वेळी वेगळ्या घरी घ्यावी. पाहुणचार चहापुरताच ठेवावा, म्हणजे लहान घरालाही बोलावणे जड जाणार नाही.

३. प्रमुखपदाची मुदत ठरलेली असावी. पहिल्या दिवसापासून प्रमुखाने एका जोडीदाराला तयार करावे. आपण नसताना समूह चालला, हेच चांगल्या प्रमुखाचे प्रशस्तिपत्र.

४. बहुतेक ठिकाणी काम स्त्रिया करतात आणि पद पुरुषाकडे जाते. जी काम करते तिलाच जबाबदारी द्यावी. पुरुषांनीही सभेला येऊन बसावे.

५. समूहात कोणी मन मोकळे केले तर ते त्या घराबाहेर जाऊ नये. एकदा चर्चा बाहेर गेली, की पुन्हा कोणी तोंड उघडत नाही.

६. भाषा मिश्र असेल तर वचन दोन भाषांत वाचावे. थोडा वेळ अधिक जाईल, पण कोणी परका राहणार नाही.

७. समूहाला न पेलणारे काम धर्मग्राम परिषदेकडे आणावे. आम्ही धर्मगुरू आणि परिषद त्यासाठीच आहोत.

ॲरिस्टॉटलने राज्याविषयी लिहिताना म्हटले आहे, की योग्य माणसाला पद द्यायचे तर नागरिकांना एकमेकांचा स्वभाव ठाऊक असायला हवा. नगर फार मोठे झाले की ते जमत नाही. आपल्याबाबतही तसेच आहे. ओळख नसेल तर आपण केवळ दिसणाऱ्या, बोलणाऱ्या माणसाला निवडतो. ओळख असेल तर रात्री दवाखान्यात थांबलेला माणूस आपल्याला आठवतो.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या समूहाच्या हद्दीत किती ख्रिस्ती कुटुंबे आहेत? त्यांपैकी किती घरी आपण गेल्या वर्षात गेलो?

२. आपल्यात कोणाची कुरबुर आहे, जी आपण अजून ऐकलेली नाही?

३. येत्या महिन्यात आपण करू शकू असे एक काम कोणते? त्याची जबाबदारी कोणाकडे?

पुढच्या सभेपूर्वी प्रत्येक समूहाने निदान एका नव्या घराचे दार वाजवावे, एवढीच आमची विनंती आहे. मोठी योजना नको. नाव विचारा, पाणी प्या, आपला फोन नंबर द्या आणि सभेचा दिवस सांगा. दोघे-तिघे आपल्या नावाने जमतात तेथे आपण असतो, असे वचन प्रभूने दिले आहे. त्या दोघा-तिघांत आणखी एकाला जागा करून देऊ या.

प्रभू येशू आपल्या सर्व कुटुंबांना आशीर्वाद देवो आणि पवित्र मरीया माता आपल्या समूहांसाठी विनंती करो.

आपले धर्मगुरू